महादेवीनं गप्प केलेला इशारा

महादेवी बिराजदार गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका कारखान्यात, चालू मागांच्या मध्ये उभा होतो. त्या खडखडाटात काही ऐकू येईना. बाहेर येऊन पुन्हा विचारलं, तर तिचा भाऊ म्हणाला, "अक्का गेली की…" सकाळीच आम्ही बोललो होतो. हृदय बंद पडलं म्हणे. मला तिचा रागच आला, अजून येतो.

भवानी पेठेतल्या एका खोलीत आम्ही दोघांनी धंदा मांडला होता. चादरीचे माग चालवणारे प्रोग्राम ती लिहायची, मी ते कारखान्यांत नेऊन बसवायचो. ती मूळची वळसंगची. घरात कानडी, बाहेर मराठी, कॉम्प्युटरशी दोन्ही. लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवताना कंपायलर शंका काढतो, पिवळ्या ओळीत इशारा देतो. बाकीचे वैतागतात. ही खुर्ची पुढं ओढून म्हणायची, "बोल की, काय म्हणतोस?"

एकदा एका कारखान्याचे मालक आले तेव्हा कॉम्प्युटरचा पडदा इशाऱ्यांनी नुसता पिवळा झाला होता. म्हणाले, "म्याडम, हे सगळं बंद करता येतंय म्हणं. करा की, माग उभे हायेत." ती म्हणाली, "शेठ, घरात एकजण लई बोलतो म्हणून सगळ्यांची तोंडं बांधता का?" शेठ हसले. मी नाही हसलो, उशिराच्या शिव्या मलाच खायच्या होत्या. ती मात्र एकेक ओळ वाचत बसली, आणि त्यातला एक इशारा खरा निघाला. बंद करायचं बटण दाबल्यावर माग खरंच थांबला का, याचं उत्तर प्रोग्राम घेत होता आणि न बघता तसंच सोडून देत होता. माग थांबल्याचा हिरवा दिवा लागला असता, कामगारानं आत हात घातला असता, आणि माग चालूच… शेठ त्या दिवशी चहा न पिताच गेले.

निरुपद्रवी इशारे तीही गप्प करायची, पण तेवढ्या एका ओळीपुरते. ओळ संपली की खाली लगेच परत चालू. वर कारण लिहायचं आणि आपलं नाव. नाव कशाला, म्हटलं तर म्हणाली, "उद्या शंका आली तर कुणाला विचारायचं बे?"

गेल्या आठवड्यात त्याच कारखान्यातल्या काही मागांच्या, त्यांना चालू-बंद करणाऱ्या जुन्या पेट्या बदलल्या. नव्या पेट्यांसाठी प्रोग्राम उघडला. तिनं बहुतेक इशारे मुळातूनच मिटवले होते, गप्प केलेला एकच उरला होता. वर लिहिलेलं, 'जुन्या पेटीला माग थांबला का याचं उत्तर देता येत नाही, तिथं हात घालण्याआधी विजेचा मुख्य खटका पाडतात. पेटी बदलली की हे काढा. महादेवी.' अख्ख्या प्रोग्रामात तिचं नाव तेवढंच. राहू दिलं असतं तरी प्रोग्राम चालला असता, कुणी तक्रार केली नसती. राहू द्यावं असं फार वाटलं… पण नवी पेटी उत्तर देते, आणि हे राहिलं असतं तर ते ऐकायला कुणीच नसतं.

मी ते काढलं, नावासकट. कंपायलर चालवला. पिवळी ओळ आली.

मी तिची खुर्ची पुढं ओढली आणि म्हणालो, "बोल की, काय म्हणतोस?"