मरळ संपली आणि तलावात गर्दी झाली

अकोटच्या तलावावर त्या सकाळी भोई आणि धोबी काठ्या घेऊन समोरासमोर उभे होते... वऱ्हाड तेव्हा सीपी अँड बेरार प्रांतात होता आणि मी चौदा वर्षांची. आता नव्वदी ओलांडलीय, नात टाइप करतेय.

भोयांची तक्रार अशी, की जाळं भरून मासे येतात पण सगळे बोटाएवढेच. धोब्यांच्या सोड्याने पाणी नासलं, त्यांना घाटावरून उठवा. माझे बाबा मिडल स्कूलमध्ये मास्तर. त्यांनी मध्ये पडून दोन दिवसांची मुदत मागितली.

मला मात्र राहवेना... पाणी नासलं असतं तर मासे मेले असते ना? हे तर उलट संख्येने वाढले होते!

मग गोठ्यामागे बसून मी भोयांच्या जाळ्यातले सहा मासे दाढीच्या ब्लेडने फाडले. आमच्या सोवळ्याच्या घरात! आईने पाहिलं, विहिरीवर नेऊन डोक्यावरून तीन बादल्या पाणी ओतलं, पण बाबांना काही सांगितलं नाही.

सगळ्या माशांची पोटं जवळपास रिकामी. म्हणजे ते उपाशी होते... पण का?

भोयांमधली सगळ्यात म्हातारी सखूबाई जाळी विणायची. तिला जाऊन विचारलं. ती विणता विणताच नुसतं "परवा तलावावर ये" म्हणाली.

तिसऱ्या दिवशी दोन्हीकडचे लोक जमले. सखूबाईचा मुलगाच काठी घेऊन सगळ्यांच्या पुढे होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"धोब्याले काहून बोलता? मांगच्या उन्हाळ्यात तलाव आटला, तवा आपनच मरळ काढून इकली. एक ठेवली नाई. मरळ या चिल्लर मासोळीले खाये. आता हिले खानारं कोनी नाई, अन् पान्यातले किडे तेवढेच. साऱ्या एकमेकीच्या तोंडचा घास हिसकून राहिल्या."

तिच्या मुलाने काठी खाली ठेवली.

त्या पावसाळ्यात भोयांनी पूर्णा नदीतून घागरींमध्ये जिवंत मरळ आणून सोडली. दोन वर्षं कोणी तिला धरायचं नाही असं ठरलं. तिसऱ्या वर्षी जाळ्यात मासे कमी आले, पण तळहाताएवढे... आणि धोबी त्याच घाटावर कपडे आपटत होते.

पुढे नागपूरला कॉलेजात झूऑलॉजी घेतलं. पुस्तकात ‘कॉम्पिटिशन’चा धडा आला तेव्हा मला तो पाठच होता. आपल्याच माणसांसमोर उभं राहून आपली चूक सांगायची, हे मात्र मी अजून सखूबाईकडूनच शिकतेय.