भिकाबाईच्या नावानं लावलेले दिवे

कनेरगाव नाक्यावर, हिंगोलीहून वाशीमला जाणाऱ्या सडकेच्या कडेला जळबाचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, चार बल्ल्या, वर पत्रा आणि आत हत्यारं ठेवायला एक फळी. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं आणि सडकेवर मालट्रकांची वर्दळ वाढत चालली होती. ढाब्यावर जेवायला थांबलेला ड्रायव्हर जेवण होईस्तोवर गाडी जळबाच्या हवाली करायचा. डायनमो, बॅटरी, हॉर्न, दिवे. गाडीत जिथं म्हणून वायर गेली तिथं जळबाचा हात चालायचा. वायरीला वायर नुसती पिळून तो कधी सोडत नसे. कथलाचा डाग दिल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही.

या धंद्यात तो आला तो बहिणीपायी. आई लवकर गेली, बाप तिच्याही आधी. थोरल्या भिकाबाईनंच त्याला वाढवलं. तिचं लग्न होऊन ती पुसेगावला कोंडीबाच्या घरी नांदायला गेली, ती या भावाचं बोट धरूनच. दुसऱ्या एखाद्यानं नाक मुरडलं असतं. कोंडीबानं नाही मुरडलं. आपल्या ताटातली भाकर मोडून त्यानं मेव्हण्याला दिली. छप्पन्न साली नागपूरला दीक्षेला गेला तेव्हा त्या तोबा गर्दीत जळबाला खांद्यावर घेऊन उभा राहिला. जळबा त्याला दाजी म्हणायचा, पण मनातून बापच मानायचा.

बासष्ट साली भिकाबाई बाळंतपणात अडली. सुईणीनं हात टेकले. गावात एका कंत्राटदाराची जीप उभी होती. कोंडीबानं तिच्या ड्रायव्हरचे पाय धरले. तो म्हणाला, "दिवे बंद हायेत गाडीचे. अंधारात वढ्यात घालू का?" मग बैलगाडी जुंपली. हिंगोलीचा दवाखाना अजून लांब होता तेव्हाच भिकाबाई गेली, आणि पोटातलं लेकरूही गेलं. गाडीच्या मागून चालत आलेल्या जळबाच्या डोक्यात ती जीपच बसली. जीप होती, ड्रायव्हर होता, नव्हते ते फक्त दिवे. दिवसकार्य उरकलं आणि तो अकोल्याला गेला, एका गॅरेजात राहून वायरिंगचं काम शिकला आणि मगच परत आला.

कोंडीबानं दुसरा घरोबा केला नाही. तो मोटार चालवायला शिकला आणि सेनगावच्या एका मोठ्या जमीनदाराकडे ड्रायव्हर म्हणून लागला. लोक त्याचं नाव आदरानं घ्यायचे. बायकोच्या मागं एकटा राहिलेला माणूस म्हणून जळबाची बायको पंचफुलाही त्याच्यासाठी काही गोडधोड राखून ठेवायची.

पंच्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर कोंडीबा मालकाची हिलमन घेऊन नाक्यावर आला. काळी, गोल पाठीची विलायती गाडी, थोरल्या मालकानं हौसेनं घेतलेली. थोरले मालक वारले होते आणि गाडी धाकट्याच्या ताब्यात आली होती.

"जळबा, हिचे दिवे बघ गड्या," कोंडीबा म्हणाला. "कंदिलावानी जळून राहिलेत. फुडचा बैलबी दिसंना."

जळबानं बॉनेट उघडलं. वायरीवरचं कापड कुजून गेलं होतं. "दाजी, रातीचं हिंडायचं कशाला? दिवसा फिरवा की."

कोंडीबानं डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाला, "धाकट्या मालकाला मीच गळ घातली. म्हणलं, गाडी नुसती उभी ऱ्हाती. आजूबाजूच्या गावातल्या अडलेल्या बाया, साप चावलेली माणसं रातीबेराती हिंगोलीला न्यायाला लावा. व्हय म्हणले. पर दिवे न्हाईत तर कसं न्यावं? तुज्या बहिणीच्या नावानं कर एवढं."

जळबाला पुढं काही ऐकायची गरज उरली नाही.

नुसत्या वायरी बदलून भागणार नव्हतं. दिव्यांचा सगळा करंट बॅटरीतून निघून ड्रायव्हरच्या पुढ्यातल्या बटणात जायचा आणि तिथून फिरून पुढं दिव्यांकडे यायचा. एवढ्या लांबच्या वाटेत तो निम्मा गळून जायचा. जळबानं ठरवलं की रिले बसवायचे. तेव्हा आपल्याकडे दिव्यांसाठी कोणी रिले लावत नसे. हॉर्नला मात्र असायचा, पत्र्याच्या डबीत तारेचं भेंडोळं आणि त्याच्या वर दोन चकत्या. अकोल्याच्या भंगारातून त्यानं असे दोन रिले शोधून आणले, एक जवळच्या उजेडासाठी, एक लांबच्या.

"हे काय करतं ओ?" पंचफुलानं विचारलं.

"पाटाचं दार आसतं ना, तसं हाये. दार उचलायला लेकराचा हातबी पुरतो, पर पाणी जातं ते पाटाचं. बटण फकस्त दार उचलणार. करंट जाणार तो सरळ बॅटरीतून, जाड वायरीनं."

हॉर्नचा रिले घडीभर वाजण्यापुरता बनवलेला, आणि दिवे तर तासन्‌तास जळायचे. म्हणून जळबानं डब्या उघडून चकत्या पॉलिश पेपरनं घासल्या. रिले बॅटरीला जोडून दिवे पेटते ठेवले आणि मधून मधून डबीला बोट लावून बघत बसला. एक तापला, तो काढून टाकला आणि पुन्हा अकोल्याची गाडी धरून दुसरा आणला. गाडीच्या अंगाचा रंग खरवडून, लोखंड उघडं करून अर्थिंग पक्कं केलं. प्रत्येक वाटेवर वेगळा फ्यूज घातला. मजुरीचा विषय कोंडीबानं काढला तसा त्यानं हातानंच थांबवला.

दिवस मावळताना कोंडीबानं बटण दाबलं. डबीत टक् आवाज झाला आणि सडकेपलीकडचा लिंब पानापानांनी उजळला. ढाब्यावरची माणसं वळून बघू लागली. कोंडीबा स्टेअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. "भिका आसती तर..." एवढंच म्हणाला आणि त्यानं टोपीनं डोळे पुसले.

पुढच्या काही महिन्यांत कोंडीबा अधूनमधून नाक्यावर यायचा. "दाजी, गाडी चालून राहिली ना बराबर?" जळबा हमखास विचारायचा. कोंडीबा सांगायचा की अमक्या गावची बाई नेली, तमक्याचा बाप नेला. एकदा तर पेढ्यांचा पुडाच घेऊन आला. "पुसेगावच्या एका बाईला येळेवर पोचवलं. पोरगी झाली. तिच्या नवऱ्यानं देलेत, म्हणला ज्यानं दिवे लावले त्याला द्या." जळबानं ते पेढे ढाब्यावर वाटले, ट्रकवाल्यांना वाटले. आणि येईल जाईल त्याला तो सांगू लागला, रातीचं कोणाचं काही अडलं तर सेनगावला मालकाच्या दारी जा, गाडी मिळंल.

पुसेगावच्या बाजूच्या तांड्यावर राहणारा थावरा हे ऐकून गेला होता. उन्हाळ्यात तो पुन्हा नाक्यावर आला, तेव्हा त्याची दाढी वाढलेली होती आणि तो दुकानात येऊन नुसताच उभा राहिला.

"काय झालं थावराभाऊ?"

"माजी बायको मिराबाई अडली व्हती, मिस्त्री. तुमी सांगितलं व्हतं म्हणून सायकलीवर सेनगाव गाठलं. गाडी भाईर गेली म्हणले. लई येळ बसलो दारात. मंग माघारी गेलो." त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "मिरा हाये. पोरगं न्हाई राह्यलं."

जळबाच्या हातातली पक्कड तशीच राहिली. त्याला पहिल्यांदा आठवला तो कोंडीबा, आणि त्याचीच बाजू घ्यावीशी वाटली. "दुसरी कोणी बाई घिऊन गेले आसतील दाजी. ते उगं घरी बसणारे न्हाईत. त्यायची सोताची बायको अशीच गेली."

थावरानं मान हलवली. "मलाबी तसंच वाटलं. म्हणलं, जाऊ दे, आपलं न्हाई तर कोणाचं तरी लेकरू वाचलं आसंल." आणि तो निघून गेला.

त्यानंतर आठवडाभरात हिलमन आली. दिवे लुकलुकत होते आणि फ्यूज सारखा उडत होता. कोंडीबा किल्ली देऊन ढाब्यावर चहाला गेला. जळबानं बॉनेट उघडलं आणि त्याची नजर रिलेवर गेली. त्याच्या जोडाला भलतीच एक वायर कोणीतरी नुसती पिळून अडकवली होती. ती वायर पत्र्याच्या भोकातून आत गेली होती. तो तिच्या मागं मागं गेला. मागच्या सीटखाली हातात धरायचा एक मोठा झोतदिवा निघाला. त्याच्या शेजारी गोणपाट होतं, रक्तानं वाळून कडक झालेलं. त्याला आखूड, तपकिरी केस चिकटले होते. गोणपाटाखाली काळविटाचं पिळाचं शिंग होतं, बुडातून मोडलेलं.

जळबानं ते शिंग उचललं. उजेडाचा झोत डोळ्यांवर पडला की हरणं जागच्या जागी थिजतात, पळत नाहीत, हे त्या मुलखातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. शिकारीला बंदीचा कायदा येऊन दोन-तीन वर्षं झाली होती, तेही ठाऊक होतं. पण त्याच्या डोक्यात कायदा नव्हता. पेढे होते.

कोंडीबा परत आला तेव्हा ते शिंग बॉनेटवर ठेवलेलं होतं. ते बघून तो सडकेकडं बघू लागला.

"दाजी, हे काय?"

"मालकाचे पाव्हणे येतात. मी ड्रायव्हर माणूस. मला काय इचारता."

"बायांना हिंगोलीला नेऊन राहिलो म्हणत व्हते तुमी."

कोंडीबा गाडीच्या दाराकडं वळला.

"एक तरी नेली का? माज्याकडं बघून सांगा. एक तरी?"

"मालक देत न्हाई गाडी," कोंडीबा हळूच म्हणाला.

"देतो म्हणला व्हता ना?"

"तसं... इचारलंच न्हाई मी त्याला."

"मंग ते पेढे?"

"पाव्हण्यायनी वाटले व्हते. त्यायच्या पहिल्या शिकारीचे." मग कोंडीबाचा आवाज एकदम चढला. "तुला खरं सांगितलं आसतं तर तू हात लावला आसता का गाडीला? मालक म्हणला, दिवे करून घे, न्हाई तर दुसरा ड्रायव्हर बघतो. ह्या वयात कुठं जाऊ मी? तुज्यासारखं काम दुसऱ्या कोणाला येत न्हाई."

"म्हणून माज्या बहिणीचं नाव घेतलं."

"ती माजी बायको व्हती!"

"व्हय ना," जळबा म्हणाला. "म्हणूनच तर मी इचारलं न्हाई काही. दुसरा कोणी आसता तर इचारलं आसतं." मग त्यानं थावराचं सांगितलं, लेकराचंही. कोंडीबा मटकन खाली बसला, पण जळबानं त्याला हात दिला नाही.

त्यानं पाना घेतला. दोन्ही रिले काढले, जाड वायरी काढल्या, फ्यूजही काढले. बटणाच्या जुन्या वायरी दिव्यांना जोडून दिल्या आणि त्या जोडांनाही कथील लावलं, कारण त्याच्या हाताला दुसरं काही येतच नव्हतं. गाडी होती तशी केली आणि किल्ली टपावर ठेवली.

"जळबा, मालक मला ठेवणार न्हाई."

"न्या गाडी."

पंचफुला मधे पडली. "आवं, त्यायचंबी वय झालं. चूक झाली आसंल त्यायची."

"चूक काहून म्हणतीस?" जळबा म्हणाला. "चूक आसती तर पेढे आणले नसते. आन् म्या ते वाटत फिरलो."

दुसऱ्या दिवशी तो सायकल काढून तांड्यावर गेला. थावरा कुडाला टेकून बसला होता, मिराबाई आत होती. जळबानं सगळं सांगितलं. गाडी कोणत्याच बाईसाठी गेली नव्हती, हेही सांगितलं. ते सांगताना त्याची जीभ अडखळली, कारण थावराला जे समाधान त्यानं स्वतःच दिलं होतं तेच तो आता काढून घेत होता. थावरा काडीनं जमीन उकरत राहिला. आतून मिराबाईचा आवाज आला, "त्याला पाणी द्या." थावरानं तांब्या आणून समोर ठेवला. जळबा पाणी पिऊन उठला.

मालकानं कोंडीबाला काढलं नाही. दुसरीकडून कोणाकडून तरी दिवे करून घेतले आणि गाडी पुन्हा रानात जाऊ लागली. पावसाळ्यानंतर ती मेलेल्या काळविटासकट पकडली गेली. पाहुणे मोठे होते, ते सुटले. कोंडीबाला जबाब द्यावा लागला. त्यानं सांगितलं की दिवे कनेरगाव नाक्यावरच्या जळबानं बसवले आणि शिकारीसाठीच बसवले. जळबाला चौकीवर दिवसभर बसवून ठेवलं. फौजदारानं विचारलं, "हा कोंडीबा तुझा कोण?" जळबा म्हणाला, "बहीण देली व्हती त्याला." त्यानं बसवलेले रिले गाडीत नव्हतेच, म्हणून त्याला सोडलं. एकदा फसवलं होतं त्याचं दुःख त्यानं गिळलं होतं, पण हे त्याच्या घशाखाली उतरलं नाही. घरी येऊन तो पंचफुलाला म्हणाला, "भिका गेली तवाच हा माणूस आपला ऱ्हायला नव्हता. आपल्याला उशिरा कळलं."

रातीबेराती सेनगावला जा, असं त्यानं पुन्हा कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायचा, "म्या सोता पाहून सांगीन." एखाद्या गाडीवाल्यानं कशासाठी दिवे हवेत हे सांगायला सुरुवात केली की तो त्याला मधेच थांबवायचा आणि आधी सीट उचलून बघायचा. नाक्यावरचे लोक त्याला संशयी म्हणू लागले. पूर्वी त्याच्या तोंडावर सदा हसू असायचं, ते आटलं.

दोन-तीन वर्षांनी मालकानं हिलमन विकून टाकली आणि कोंडीबा रिकामा झाला. एके दुपारी तो नाक्यावर एसटीतून उतरला, दुकानासमोरच्या बाकड्यावर बसला आणि आत यायची त्याची हिंमत झाली नाही. पंचफुलानं बघितलं.

"दाजी बसलेत भाईर," ती म्हणाली.

"बसू दे."

"उन्हात हायेत."

जळबा एका ट्रकच्या डायनमोवर वाकला होता. त्यानं मान वर केली नाही. "तुला द्यायचं आसंल तर दे जेवाया. भिकाचा नवरा हाये. मला मात्र बोलावू नको."

पंचफुला ताट घेऊन बाहेर गेली. कोंडीबा जेवला, ताट धुऊन उंबऱ्याशी ठेवलं आणि पुसेगावच्या गाडीची वाट बघत तिथंच बसून राहिला. गाडी आली, तो चढला. जळबानं डायनमो बसवला आणि ट्रकवाल्याला हाक मारली.