बांधावरचं औषध

सकाळी बांधावर भाऊराव पाठीला पंप बांधून फवारत होता. आमची शेती तोच बघतो. "काय मारतोस रे?" मी विचारलं.

"काही नाही अण्णा, गवत."

माझी आत्या या बांधाला कधी गवत म्हणाली नाही. तिच्या लेखी तिथे माका होता, आघाडा होता, घोळ होती, दगडी पाला होता. नाव ठाऊक नसेल त्या झाडाला हात लावायचा नाही, हा तिचा दंडक. आता सगळ्यांना मिळून गवत हे एकच नाव उरलंय, आणि मग मारायला काहीच वाटत नाही. मी तरी कुठला शहाणा? तणनाशकाचा डबा तालुक्याहून मीच आणून दिला होता.

तेवढ्यात पंपाच्या पत्र्याने भाऊरावचं बोट कापलं. रक्ताची धार लागली. लहानपणी रक्त थांबवायला आत्या करायची तसं मी नकळत खाली वाकलो, दगडी पाला खुडला आणि तळहातावर चोळू लागलो.

भाऊरावने माझा हात झटकला. "टाका तो पाला, अण्णा! आत्ताच औषध मारलंय त्यावर."