बर्फवाल्या काकांची उंच गाडी

बर्फवाले काका कुठलीही नवी वस्तू घेतली की ती कशी आहे हे सांगायला संध्याकाळी आमच्याकडे येत. चप्पल असो, बॅटरी असो, नाहीतर काकूंसाठी आणलेला मिक्सर. आम्ही विचारायची गरज नसे. पडवीतल्या बाकावर बसून ते आधी वस्तूची खोड सांगत आणि मग गुण. “अंगठ्यात आवळते, पण ओल्या चिऱ्यावर घसरत नाही,” असं चपलेबद्दल. “आवाज फार करतो, पण खोबरं लोण्यासारखं वाटतो,” असं मिक्सरबद्दल. बाबा हसायचे. काकांना त्याचं काही वाटत नसे. ते म्हणायचे, “नवी वस्तू पहिल्या आठ दिवसांतच खरं बोलते. मग ती आपल्याला सांभाळून घेते नि आपण तिला. नंतरच्या मताला अर्थ नाही.”

ते आमच्या शेजारचे, नात्यातले नव्हेत. मिरकरवाड्याच्या बंदराजवळ एक बर्फाचा कारखाना होता, तिथे त्यांची सगळी नोकरी झाली. मच्छी घेऊन होड्या यायच्या तेव्हा बर्फ तयार पाहिजे, मग पहाट असो की भर दुपार. त्यांच्या कपड्यांना सदैव गारवा असायचा. लहानपणी उन्हातून आलं की आम्ही मुलं त्यांच्या सदऱ्याला गाल लावायचो. आता काका नाहीत. झोपेतच गेले. काकू पुण्याला मुलीकडे राहतात आणि त्यांच्या घराला कुलूप आहे. पण गल्लीतल्या आम्हा सगळ्यांना दुचाकी काकांनी शिकवली, त्यामुळे ते गेले असं कुणी धड मानत नाही.

मला त्यांनी सड्यावर नेऊन स्कूटर शिकवली. कातळाचं सपाट मैदान, मध्ये मध्ये गवताचे पुंजके. मी घाबरून चाकाकडे बघायची आणि नेमकी गवतात जायची. काका लांबून ओरडायचे, “अगो, चाकाला माहिती आहे ते कुठे आहे! तू पुढे बघ!” शिकवताना ते कधी चिडले नाहीत. पडलं की आधी माणसाला उठवायचं, गाडीकडे मागाहून बघायचं, हा त्यांचा नियम होता. गाडी त्यांची असली तरी.

त्यांची स्वतःची गाडी म्हणजे एक जुनी, बारीक चणीची मोटारसायकल. घर ते कारखाना, कारखाना ते घर. निवृत्त झाल्यावर आम्हाला वाटलं, आता हे बागेत आळी करतील नाहीतर देवळाच्या कमिटीत जातील. त्याऐवजी एके दुपारी गल्लीत टेम्पो आला आणि त्यातून फळी लावून एक अवाढव्य मोटारसायकल उतरवली गेली. लांबलचक पुढची काच, चाकाच्या वर चोचीसारखा मडगार्ड, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे, तारांची चाकं. डोंगराळ आणि कच्च्या रस्त्यांवर लांब लांब जाणारे लोक वापरतात ती. काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, “ही आपली की कुणाची ठेवायला आणलेत?”

“आपली.”

“बसणार कसे?”

“शिडी लावून,” काका म्हणाले, आणि खरोखरच ओट्याच्या पायरीवरून पाय टाकून वर चढले. खाली त्यांची फक्त बोटं टेकत होती. चेहऱ्यावर मात्र असं काही होतं की काकू आत जाऊन हळद-कुंकू घेऊन आल्या.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी पहिलं मत ऐकायला आमची पडवी भरू लागली. काका भाट्याच्या पुलावरून पावसच्या बाजूला जाऊन येत आणि हेल्मेट मांडीवर ठेवून बोलत.

“इंजिनाची धग उजव्या पोटरीला लागते. थांबलं की जास्तच. नि सीट कडक आहे, अर्ध्या तासात बूड बोलायला लागतं.”

“मग?” बाबा विचारत.

“मग काय? खड्डा आला तर त्याची खबर माझ्यापर्यंत पोचतच नाही हो! पुढचं चाक सगळं गिळून टाकतं. नि उंची? लोकांच्या दगडी गडग्यांच्या पलीकडे कुणी काय वाळत घातलंय तेसुद्धा दिसतं.”

“अहो!” काकू.

“आमसुलं गो, आमसुलं!”

एक दिवस त्यांनी सांगितलं, की आज ते उभे राहून चालवून आले. अशा गाड्या उभ्यानं चालवायच्या असतात म्हणे, पायदानावर जोर देऊन, गुडघे जरासे वाकवून. “समुद्र उजव्या हाताला होता,” ते म्हणाले आणि परत म्हणाले, “उजव्या हाताला होता.” परतताना तो डाव्या हाताला आला असणार. पण काकांना तेवढंच सांगायचं होतं, आणि आम्हालाही ते पुरलं. आयुष्यभर त्यांनी समुद्र पाहिला होता तो कारखान्याच्या मागच्या दारातून.

गाडीचा हँडल इतका रुंद की फाटकातून जाताना दोन्हीकडे घासायचा. काकांनी गवंडी बोलावून फाटकाच्या खांबाचे दोन चिरे काढवले. पाऊस उघडून रस्ते वाळले होते. आधी आंबा घाट चढायचा आणि मग पुढचं ठरवायचं, असा त्यांचा बेत होता. काकूंना बरोबर न्यायचं की नाही यावर रोज वाद चाले, आणि तो वाद दोघांनाही आवडत होता.

फाटकाचं सिमेंट सुकायच्या आतच ते घडलं. मी कामावर निघाले होते. पलीकडून भांडं पडल्याचा आवाज आला आणि मग काकूंची हाक. धावत गेले तर काका अंगणात आडवे, गाडीच्या बाजूला. हातात साखळी पुसायचं फडकं तसंच. अंग ताठ झालेलं, दातखीळ, डोळे वर. आम्ही त्यांना कुशीवर वळवलं. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. काकू त्यांचा हात धरून एकच सांगत होत्या, “अहो, मी इथेच आहे.” काही वेळानं अंग सैल पडलं. शुद्धीवर आल्यावर काकांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “कोण पडलं?”

तपासण्या झाल्या. फिट होती, आणि का आली ते कुठल्याच तपासणीत धड निघालं नाही. डॉक्टर सभ्य माणूस होते. त्यांनी काकांना समोर बसवून सांगितलं, “गोळ्या नियमित घ्या, जागरण करू नका, पाण्यात उतरू नका. आणि गाडी चालवायची नाही.”

“किती दिवस?”

“आधी काही महिने फिट येता कामा नये. मग बघू.”

काकांनी मान डोलावली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “काय गो नीलू, मला काही दुखत नाही, खुपत नाही. मी चालतोय, जेवतोय. माणूस आजारी असला की निदान त्याला कळतं तरी.”

मी औषधांच्या दुकानात काम करते. त्यांच्या गोळ्यांची पाकिटं माझ्याच हातून जायची. काका यायचे, इतर गिऱ्हाइकं जाईपर्यंत बाजूला थांबायचे आणि मग काउंटरवर वाकून हळूच विचारायचे.

“ही गोळी पक्की आहे ना?”

“पक्की आहे, काका.”

“म्हणजे ही घेतल्यावर काही होत नाही?”

“बहुतेक होत नाही.”

“बहुतेक.” तो शब्द ते पाकिटासारखा हातात धरून उभे राहायचे. एकदा म्हणाले, “मी फक्त भाट्याच्या पुलापर्यंत गेलो तर? सकाळी, रस्त्यावर कुणी नसताना?” मी गोळ्यांवरची तारीख वाचत राहिले. दिवसातून शंभर जणांना मी सांगते, जेवणाआधी, जेवणानंतर, पाण्याबरोबर. तेच म्हणाले, “नको. पुलावर एखादं पोर सायकलनं येत असायचं.”

गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी. चार दिवसांनी एकदा ते ताडपत्री काढत, इंजिन चालू करत, शेजारी स्टूल टाकून बसत आणि बंद करत. चावी काकूंनी लपवून ठेवली होती. चालू करायच्या वेळी त्या आणून देत आणि परत नेत. एकदा मी काकूंना विचारलं, “त्यांनी शोधून काढली तर?”

“कुठे ठेवते ते त्यांना ठाऊक आहे गो,” काकू म्हणाल्या. “घेत नाहीत. त्याचंच जास्त वाईट वाटतं.”

मग एका रविवारी काकांनी मला हाक मारली. म्हणाले, “तू चालव, मी मागे बसतो. स्कूटर येते म्हणजे हीसुद्धा येईल.” मला येणार नाही हे माहीत असून मी हो म्हटलं, कारण नाही म्हणवेना. पायरीवरून चढले. खाली एकाही पायाचं बोट टेकेना. काका मागे बसले आणि शांतपणे सांगू लागले, क्लच कसा सोडायचा, किती सोडायचा. फाटकापर्यंतही पोचलो नाही. गाडी एका बाजूला झुकली, मला वाटलं सावरेल, पण तिचं वजन मी कुठून सावरणार? आम्ही दोघं हळूहळू, अगदी सावकाश, जास्वंदीच्या झाडावर आडवे झालो. काका आधी उठले आणि माझं कोपर बघू लागले. मग दोघांनी मिळून गाडी उचलायला घेतली. ती हलेना. पुन्हा घेतली. काकांनी हँडल धरला, मी मागचा कठडा, तरी नाही. शेवटी बाबा आणि पलीकडचे दोघं आले तेव्हा ती उभी राहिली. काकू सगळा वेळ दारात होत्या. काकांना म्हणाल्या, “तुम्ही बसा आता.” ते बसले. हसत होते, पण डोळे वर करत नव्हते.

महिने गेले. फिट आली नाही. काकांचा चेहरा उजळायला लागला. डॉक्टरांकडे जायची तारीख जवळ आली तसे ते हवा भरणाऱ्याला बोलावून चाकं बघून घेऊ लागले, घाटाच्या रस्त्याची चौकशी करू लागले. आणि तारखेच्या आठवड्यातच, मच्छी मार्केटात सौंदाळे घेत असताना, ते पुन्हा पडले. कोळणींनी त्यांना कुशीवर वळवलं, डोक्याखाली पदर ठेवला. त्या त्यांना बर्फामुळे ओळखत होत्या. एक जण त्यांना रिक्षानं घरी घेऊन आली आणि तिनं सौंदाळेही साफ करून आणले होते.

त्यानंतर काकांनी गोळ्यांबद्दल मला काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, “गाडी विकायची जाहिरात मोबाइलवर कशी टाकतात ते दाखव.”

घ्यायला आलेला माणूस कोल्हापूरकडचा होता. तिशीतला, जनावरांचा डॉक्टर, बोलायला मोकळा. गाडीभोवती फिरून म्हणाला, “काका, लई जपून वापरलीया तुम्ही.”

“वापरली कुठे?” काका म्हणाले. मग त्यांनी त्याला सगळं सांगितलं. सीट कडक आहे, पोटरीला धग लागते, थंड असताना दुसरा गिअर अडतो, जास्वंदीवर पडून डावा कठडा खरचटला आहे. माणूस ऐकत राहिला. भाव ठरलाच होता. हेल्मेट चढवताना त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, म्हणाला, “काका, बसा की मागं. येताय काय जरा लांबवर?”

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावून दिलं.

ते गेले आणि काकू माझ्याकडे वळल्या. “नीलू, मागोमाग जा गो. पालीपर्यंत जातील नि एसटीनं परत येतील, असं म्हणालेत. एसटीत काही झालं तर?”

मी स्कूटर काढली. त्या गाडीच्या मागे स्कूटर काय पोचणार? हातखंब्याच्या चढावरच ती दिसेनाशी झाली. रस्त्याचं काम चालू, सगळीकडे लाल धूळ. मी पालीला पोचले तेव्हा काका स्टँडबाहेर एकटे उभे होते. धुळीनं केस लाल झालेले.

“गेला?” मी विचारलं.

“गेला. चांगला चालवतो. घाई नाही त्याला.” मग माझ्या स्कूटरकडे बघून म्हणाले, “काकूनं पाठवलं ना? चल.”

ते मागे बसले, एक हात माझ्या खांद्यावर. पालीचा बाजार मागे पडला, मोकळा रस्ता आला आणि माझ्या पाठीला काहीतरी टेकलं. काकांचं कपाळ होतं. त्यांचं अंग बारीक हलत होतं. मी हाक मारली. उत्तर नाही. अंग हलतच होतं. मला काही कळेना. स्कूटर बाजूला घेतली, दोन्ही पाय घट्ट रोवले. उतरले असते तर तोल जाऊन तेच पडले असते, आणि मागे वळून चेहरा बघता येत नव्हता. ट्रक जात होते. त्यांना कुशीवर वळवायला आजूबाजूला कुणी माणूस नव्हतं.

“काका, बोला काहीतरी. काका!”

खांद्यावरचा हात आधी सैल झाला आणि मग घट्ट.

“रडतोय गो,” ते म्हणाले. “नुसता रडतोय. तू घाबरू नकोस.”