हौद्याखालचं चाक

आत्याने जुनी पिकअप विकत घेतली त्या दिवशी दलालाने किल्ली बाबांच्या हातात ठेवली. पैसे आत्याचे, कागद आत्याच्या नावावर, गाडी चालवून बघितली तीही आत्यानेच. बाबा नुसते सोबत गेले होते आणि टायरला एक लाथ घालून "ठीक वाटतेय" एवढंच म्हणाले होते. तरी किल्ली त्यांच्याकडे आली, आणि त्यांनी ती खिशात घातली ती घातलीच. तेव्हापासून गाडी काढायची म्हटली की आत्याने किल्ली मागायची आणि बाबांनी "चल, येतो मी पण" म्हणत शेजारी जाऊन बसायचं. मला या प्रकाराचा इतका संताप यायचा की मी दोघांशीही धड बोलत नसे. बाबांशी ते असे वागतात म्हणून, आणि आत्याशी ती वागू देते म्हणून.

आत्या सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करते. घराच्या पुढच्या मोठ्या खोलीत तिचं दुकान आहे. मूळ दुकान आजोबांचं. त्यांनी धंदा शिकायला बाबांना बसवलं होतं. बाबांनी दोन-चार वेळा हातोडी स्वतःच्याच अंगठ्यावर मारली आणि ऑफिसातली नोकरी धरली. आत्याला कुणी बसवलं नव्हतं. ती तिथेच जुन्या खुर्च्यांचे खिळे उपटत खेळायची आणि खेळता खेळता कारागीर झाली. आज पन्नाशी कधीच ओलांडलीये, बाबांपेक्षा चार बोटं उंच आहे, अख्खा सोफा एकटी पालथा घालते, आणि बाबा अजून तिला "बारके" म्हणतात. लग्न का नाही केलं असं कुणी विचारलं तर सांगते, "वेळच झाला नाही हो, ऑर्डरी होत्या."

आणि एक दिवस तिच्याकडे आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर आली. शहराबाहेरच्या जुन्या नाट्यगृहाच्या सगळ्या खुर्च्या नव्याने करायच्या होत्या. थोड्या थोड्या आणायच्या, करून परत न्यायच्या, पुढच्या आणायच्या. वर्षभराचं काम. नाट्यगृहाच्या मॅनेजरला शनिवारपर्यंत उत्तर हवं होतं.

"नाही म्हणून सांग," जेवताना बाबा म्हणाले. "मला रोज उठून तिकडे यायला जमायचं नाही."

"तुला कोण बोलावतंय? मी जाईन की."

"एकटी? आणि वाटेत टायर बसला तर?"

"बदलीन."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "बारके, स्टेपनी कुठे असते ते तरी माहितीये का तुला?"

तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. बाबांनाही नव्हतं हे मी छातीठोकपणे सांगते, पण त्यांना कुणी विचारलंच नाही. हेच तर सगळ्यात चीड आणणारं.

आत्या पाणी प्यायली, तिने ग्लास खाली ठेवला. "शनिवारच्या आत चाक बदलून दाखवते. कुणाचा हात लागू देणार नाही. मग किल्ली माझ्याकडे राहील, आणि माझ्या शेजारी कुणी बसणार नाही."

"दिली!" बाबा म्हणाले, लहान मुलाला चंद्र देतात त्या सुरात.

स्टेपनी हौद्याच्या खाली असते. मागे, पोटाला चिकटलेली, तारेच्या दोराला टांगलेली. नंबरप्लेटच्या वर एक भोक असतं, त्यात लांब दांडा घालून फिरवला की दोर सैल पडतो आणि चाक खाली येतं. म्हणजे यायला पाहिजे. आत्याने सीटमागून दांडा शोधून काढला, भोकात घातला, फिरवला. दोर सुटल्याचा करकर आवाज आला. आम्ही वाकून बघितलं. दोर सैल लोंबत होता आणि चाक मात्र जागच्या जागी होतं.

मग सुरू झाला तमाशा. आत्याने तेल सोडलं, हातोडीने ठोकलं, चाकाला दोरी बांधून ओढलं. शेवटी जमिनीवर आडवी होऊन दोन्ही हातांनी लोंबकळली. चाक बोटभर हललं, आत कुठेतरी कट् वाजलं, आणि पुन्हा घट्ट. गंजलंय म्हणून सगळी गल्ली सल्ले द्यायला लागली. जे घरचा बल्ब बदलायला माणूस बोलावतात तेही कमरेवर हात ठेवून सांगून गेले. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला तेवढा कामाचं बोलला, "ताई, कापून देतो. पाच मिनिटं."

"कापल्यावर परत टांगायचं कशावर?"

"परत कशाला टांगताय? हौद्यात टाकून ठेवायचं."

"हौद्यात खुर्च्या येणारेत माझ्या," आत्या म्हणाली. बाबा दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी तिला मुद्दाम ऐकू जाईल असा मला प्रश्न केला, की मॅनेजरला नकाराचा फोन तू करतेस की मी करू. मी ताड्कन म्हणाले, "तुम्ही दाढी करा आधी." त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही.

शुक्रवारी आत्या गाडीकडे फिरकलीच नाही. मला वाटलं, हिने हात टेकले. ती एका गिऱ्हाइकाचा सोफा-कम-बेड दुरुस्त करत बसली होती. त्याची पाठ आडवी होत नाही अशी तक्रार होती. गिऱ्हाइकाने बिचाऱ्याने ती दाबून दाबून वाकवून ठेवली होती. आत्याने सवयीने पाठ आधी वर उचलली, आणखी वर, कट् वाजेपर्यंत, आणि मग सोडली. पाठ अलगद आडवी झाली. अशा पाठी तिने आयुष्यात किती पाडल्या असतील देव जाणे. पण यावेळी तिचा हात तिथेच थांबला.

"अगं," ती म्हणाली, "आपण ते चाक ओढतोय."

"मग?"

"ओढलं की या पाठीसारखीच आतली आकडी आणखी घट्ट धरत असणार. गंज नाही गं तो. दोर तुटला तर चाक रस्त्यावर पडू नये म्हणून कुणीतरी शहाण्याने आकडी बसवलीये."

ती तशीच उठली. चाकाखाली जॅक ठेवला, जॅकवर लाकडाचा ठोकळा, आणि स्वतः बाजूला बसून जॅक चढवायला लागली. बाबा धावत आले. "उलटं काय करतेयस? खाली आणायचंय ना!"

"गप्प बस दादा."

मी जन्मात तिच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. बाबांनीही नसावं, कारण ते खरंच गप्प बसले. चाक वर सरकलं, आणखी वर सरकलं, आणि कट्. आत्याने जॅक हळूहळू उतरवला, आणि चाक शहाण्यासारखं त्याच्यासोबत खाली आलं.

मी टाळ्या पिटल्या. बाबांनी वाकून चाक दाबलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "हवाच नाहीये यात! काय उपयोग?"

आत्याने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. चाक घरंगळत दुकानात नेलं. तिथे खुर्च्यांना पिना मारायच्या गनला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर आहे. हवा भरली, थुंकी लावून व्हॉल्व्ह गळत नाही ना ते बघितलं, चाक घेऊन परत आली. मागचं चांगलं चाक उतरवलं, हे बसवलं, नट आवळले. शेवटच्या नटाला पान्यावर उभी राहिली. मग उतरवलेलं चाक दोराला अडकवून हौद्याखाली चढवलं. कुणाचाही हात लागला नाही. माझाही नाही, आणि माझे हात किती शिवशिवत होते ते मलाच माहीत.

"हे अंगणात झालं गं," बाबा म्हणाले. आवाज मघापेक्षा खाली आला होता. "रस्त्यावर, उन्हात, शेजारून ट्रक जात असताना..."

"तू कधी बदललंयस चाक, दादा?"

बाबा वाकून नट बघायला लागले.

"एकदा तरी?"

"तो प्रश्नच वेगळा आहे."

"किल्ली दे."

"आधी हात धू. बघ कसले काळेकुट्ट झालेत."

"नाही धुणार. या हातात दे."

बाबांनी खिशातून किल्ली काढली. दोन बोटांत कडी धरून लांबूनच पुढे केली, आपल्याला काळं लागू नये म्हणून. आत्याने त्यांचा अख्खा हात धरला, किल्ली काढून घेतली आणि मग हात सोडला. बाबा आपल्या तळव्याकडे बघत राहिले. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि दोन्ही लपवायची मला गरज वाटली नाही.

तिने तिथूनच मॅनेजरला फोन लावला. "काम घेतेय. सोमवारी पहिल्या खुर्च्या न्यायला येते." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"ड्रायव्हरचं नाव?" आत्या म्हणाली. "माझंच सांगा गेटवर."