आखूड पायाचं टेबल

सोसायटीच्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं. माझी मैत्रीण नीला आपल्या बाहुलीघराशेजारी उभी राहून सांगत होती, "सगळं माझ्या हातचं हं!"

मी वाकून पाहिलं. आतलं आगकाड्यांचं टेबल मी केलेलं होतं, दिवाळीत तिला भेट दिलेलं. एक पाय आखूड कापला गेला म्हणून खाली बसच्या तिकिटाची घडी सरकवली होती. तीसुद्धा तशीच.

"काय गं, बघतेस काय एवढं?" नीलानं विचारलं, माझ्याकडे न बघता.

बाहुलीच्या घरासाठी ताट, पाट, पाळणा, सगळं लहान करता येतं. खोटं तेवढं मूळ मापाचंच राहतं.

घडी जराशी बाहेर आली होती. ओढली असती तर टेबल साऱ्यांदेखत कललं असतं. हात शिवशिवले. मग मी ती नखानं हळूच आत सरकवली. टेबल माझं होतं ना.