मधमाश्यांची बाग पाहायला आलेले पाहुणे

एरंडोलजवळ मुरूम उपसून उजाड झालेली जमीन मी घेतली आणि तलावातला गाळ टाकून तिच्यात लिंबं लावली. बांधालगतचा पट्टा मात्र रानफुलांसाठी मुद्दाम राखला. तिथे पोसलेल्या मधमाश्या बहरात लिंबांवर येत. गावाच्या लेखी तो माझा आळस होता.

एकदा तालुक्याहून निरोप आला, एक बडे पाहुणे ही 'मधमाश्यांची बाग' पाहायला येणार. त्या सकाळी मी नाश्ता आणायला गेलो. परत येतो तर फुलांचा पट्टा सपाट! शेजारच्या शेतातले आबा ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर फिरवून, घाम पुसत उभे होते.

"पाव्हना ई ऱ्हायनात, म्हनीसन बठ्ठं साफ करी टाकं, भाऊ."

पाहुणे येणार म्हणून स्वतःचं डिझेल जाळून केलेल्या कामावर रागावणार कसं? मी त्यांना चहा दिला.

पाहुण्यांनी त्या मोकळ्या मातीसमोर उभं राहून मधमाश्यांचं महत्त्व सांगायला सुरुवात केली. आसपास फुलं उरली होती ती फक्त त्यांच्या गळ्यातल्या झेंडूच्या हारात. माश्या तिथे आल्या. "मधमाशी आपली मैत्रीण आहे," एवढं म्हणून पाहुण्यांनी हार फेकला आणि गाडी गाठली. डंख कुणालाच झाला नव्हता.

आबा त्या हारावर घोंगावणाऱ्या माश्यांकडे बघत राहिले. "त्यासले खावाले काहीच नई का आते?"

"काहीच नाही, आबा."

दुसऱ्या दिवशी ते घरचे तीळ घेऊन आले आणि पट्ट्यात पेरू लागले, दोरी धरून, अगदी सरळ रांगेत.